देव ‘आपण’ म्हणाला की ‘आम्ही’?

“बाबा आले” म्हटल्यावर आपल्या घरात कुणी विचारत नाही, की किती बाबा आले? बाबा एकच, क्रियापद मात्र अनेकवचनी. गुरुजी आले, जावई जेवले, साहेब बसलेत. हे आदरार्थी बहुवचन मराठीत इतकं मुरलंय की ते बहुवचन आहे हेच आपल्या ध्यानात राहत नाही.

हाच प्रकार खुद्द देवाच्या तोंडी आला तर? तोही अशा ग्रंथांत, जे ठासून सांगतात की देव एकच, त्याला जोडीदार नाही? यहुद्यांचा तोरा, ख्रिस्त्यांचं बायबल, मुसलमानांचं कुराण, या तिन्हींत देव मधूनच स्वतःला ‘आम्ही’ म्हणतो. या इवल्याशा सर्वनामावरून दोन हजार वर्षं वाद झाले. धर्मसभांनी शाप दिले, भाषांतरकारांची मैत्री तुटली, कलकत्त्यात एक नवा छापखाना निघाला. मला या वादाचं फार अप्रूप आहे, कारण त्यात उतरलेली माणसं, कुठल्याही बाजूची असोत, एकेका अक्षराकडे डोळ्यांत तेल घालून पाहत होती. त्यांनी वेचलेल्या काही गोष्टी तुमच्यापुढे ठेवतो.

एक ‘ऊ’ नाही म्हणून

हिब्रूत अनेकवचन करायला पुल्लिंगी शब्दाला ‘ईम’ लावतात. केरुब एक, केरुबीम अनेक. सेराफ एक, सेराफीम अनेक. आता बायबलचं अगदी पहिलं वाक्य घ्या. त्यातला तिसराच शब्द आहे ‘एलोहीम’, म्हणजे देव. शेवटी ‘ईम’ आहे, म्हणजे रूप अनेकवचनी. पण त्याच्या आधीचं क्रियापद आहे ‘बारा’, म्हणजे ‘निर्माण केलं’, आणि ते एकवचनी आहे. अनेक देवांनी जग निर्माण केलं असं म्हणायचं असतं, तर तिथे ‘बारऊ’ लागलं असतं. तो ‘ऊ’ तिथे नाही. नाम अनेकवचनी आणि क्रियापद एकवचनी, ही जोडी पुढे ग्रंथभर चालते. एलोहीम हा शब्द हिब्रू बायबलमध्ये अडीच हजारांहून जास्त वेळा येतो, आणि इस्राएलच्या देवासाठी येतो तेव्हा जवळजवळ नेहमी एकवचनी क्रियापद घेऊन येतो.

‘जवळजवळ’ म्हणायला कारण आहे. बायबलमधल्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात अब्राहाम गरारच्या राजाशी बोलताना सांगतो, की देवानं मला घर सोडून भटकायला लावलं. तिथे क्रियापद चक्क अनेकवचनी आहे. असे तुरळक अपवाद आणखी दोन-चार. टीकाकारांनी त्यातल्या प्रत्येकावर पानंच्या पानं भरली आहेत.

रूप अनेकवचनी, वस्तू एक, हे आपल्याला नवं नाही. मराठीत डोहाळे लागतात, कांजिण्या येतात, हाल होतात. ‘एक हाल झाला’ असं कुणी म्हणत नाही. हिब्रूत तर अशा शब्दांची रांगच आहे. पाणी म्हणजे मायिम, आकाश शामायिम, चेहरा पानीम, आयुष्य हायिम, सगळे बहुवचनी. संस्कृतातही पाणी ‘आपः’, बहुवचनीच. आणि संस्कृतात घरची बायको एकुलती एक असली तरी शब्द ‘दाराः’, तोही पुल्लिंगी बहुवचनी! शब्दाचं वचन पाहून घरातली माणसं मोजू नयेत, हे या एका शब्दावरून कळतं.

मातीच्या विटेवरचे ‘देव’

इजिप्तमध्ये अमार्ना इथे मातीच्या पाटीवर कोरलेली पत्रं सापडली. इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकातली. त्यात कनानमधले मांडलिक राजे इजिप्तच्या फॅरोला लिहितात, आणि त्या एकट्या फॅरोला ‘माझे देव’ म्हणतात. शब्द अनेकवचनी, फॅरो एकच. म्हणजे बायबल ज्या मुलुखात लिहिलं गेलं, तिथे एकाच थोर माणसाला बहुवचनात हाक मारायची रीत आधीपासून होती. एलोहीमबद्दलच्या चर्चेत हा पुरावा मला सर्वांत वजनदार वाटतो, कारण तो कुठल्याही धर्माच्या बाजूनं बोलायला आलेला नाही. तो बिचारा राजाची मनधरणी करायला आला होता.

भूत पाहिलं एकीनं, प्रश्न विचारला दुसऱ्यानं

एलोहीम हा शब्द नुसत्या देवासाठी नाही. पलिष्ट्यांच्या दागोन या देवालाही तो लागतो, आणि फॅरोसमोर मोशेला देव करून उभं केलं तेव्हा मोशेलाही लागतो. सगळ्यात गमतीची जागा शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात आहे. शौल राजा वेश पालटून एन-दोर गावच्या चेटकिणीकडे जातो आणि मेलेल्या शमुवेलाला वर बोलवायला सांगतो. ती घाबरून म्हणते, मला एलोहीम जमिनीतून वर येताना दिसताहेत. ‘येताना’चं रूप बहुवचनी. शौल लगेच विचारतो, त्याचं रूप कसं आहे? ‘त्याचं’ एकवचनी. तिच्या बहुवचनाचा अर्थ त्यानं क्षणात एकवचनी लावला. आपण नाही का, “डॉक्टर आलेत” ऐकून दारात एकच चप्पलजोड शोधत!

लिहिताना मोशेचा हात थबकला

आता मुख्य ठिकाणी येऊ. उत्पत्तीचा पहिला अध्याय, सव्विसावं वचन. प्रकाश झाला, पाणी झालं, पशुपक्षी झाले, आता माणूस घडवायचा. इथवर देव नुसता हुकूम देत होता. इथे मात्र तो ‘नासे’ म्हणतो, म्हणजे ‘आपण करू या’. आपल्या प्रतिरूपाचा, आपल्यासारखा. आणि पुढच्याच, सत्ताविसाव्या वचनात पुन्हा एकवचन: त्यानं त्याच्या प्रतिरूपाचा माणूस निर्माण केला. दोन वचनं एकाखाली एक. वर ‘आपण’, खाली ‘तो’.

यहुदी आचार्यांच्या ‘बरेशीत रब्बा’ या जुन्या ग्रंथात यावर एक विलक्षण कथा आहे. मोशे देवाच्या सांगण्यावरून तोरा लिहीत होता. या वचनापाशी आला आणि थांबला. देवाला म्हणाला, इथे हे बहुवचन लिहिलं तर पाखंड्यांच्या हाती कोलीत मिळेल. देवानं उत्तर दिलं, की तू लिही, ज्याला चुकायचं असेल तो चुकू दे. ही कथा सांगणाऱ्यांच्या धैर्याला मी मनापासून नमस्कार करतो. अडचणीचा शब्द झाकायचा नाही, उलट तो अडचणीचा आहे हे देवाच्या तोंडूनच वदवायचं!

मग देव बोलला कुणाशी? अकराव्या शतकातले भाष्यकार राशी म्हणतात, देवदूतांशी. देवाला कुणाच्या मदतीची गरज नव्हती, पण थोरानं धाकट्यांना विचारून काम करावं, हा धडा द्यायला त्यानं बहुवचन वापरलं. पाखंडी कोलीत उचलतील हे राशींना ठाऊक होतं. त्यांचं म्हणणं, उत्तर शेजारीच ठेवलं आहे, पुढचं वचन एकवचनी आहे. राशींच्या कितीतरी आधी, तालमूद या यहुदी धर्मग्रंथात रब्बी योहानान यांनी हा नियमच घालून दिला होता: जिथे जिथे पाखंड्यांना आधार सापडतो, तिथे तिथे त्याचं उत्तर लगतच असतं.

तेराव्या शतकातले नाहमानिदेस यांचं मत आणखी वेगळं. देव पृथ्वीशी बोलत होता. तू माती दे, मी श्वास देतो, आपण दोघं मिळून माणूस करू. माझ्यापुरतं सांगायचं तर सगळ्या उत्तरांत हे उत्तर मला सर्वांत सुंदर वाटतं.

बहात्तर खोल्या, एकच दुरुस्ती

तालमूदात एक दंतकथा आहे. इजिप्तच्या टॉलेमी राजानं बहात्तर यहुदी वडीलधाऱ्यांना बहात्तर वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं आणि प्रत्येकाला तोरा ग्रीकमध्ये उतरवायला सांगितलं. कशासाठी बोलावलंय हे कुणालाच आधी सांगितलं नव्हतं. तरी देवाच्या प्रेरणेनं सगळ्यांनी मोजक्या जागी सारखेच बदल केले. त्यातला एक: ‘आपण करू या’च्या जागी ‘मी करीन’. ग्रीक राजाचा गैरसमज नको म्हणून.

आता खरी मेख. ते ग्रीक भाषांतर आजही उपलब्ध आहे. त्यात या जागी काय आहे? बहुवचनच! दुरुस्ती दंतकथेत झाली, पोथीत झालीच नाही.

एका ‘वाव’नं जीव वाचवले

सोन्याच्या वासराची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. मोशे डोंगरावर गेला, परत यायला उशीर झाला, खाली लोकांनी अहरोनाकडून सोन्याचं वासरू करवून घेतलं आणि ओरडले, की इस्राएला, हेच तुझे देव, ज्यांनी तुला मिसरातून वर आणलं. वासरू एक, देव मात्र ‘हे’, आणि क्रियापदही अनेकवचनी. पुढे नहेम्याच्या पुस्तकात हाच प्रसंग पुन्हा सांगितला आहे आणि तिथे सगळं एकवचनी केलं आहे.

मूळ गोष्ट निर्गम या पुस्तकात आहे, आणि तिथलं ते बहुवचन एका अक्षरावर उभं आहे, ‘वाव’ या अक्षरावर. हिब्रू लिपीतली ती एक उभी काडी, वर जरासं डोकं. तालमूद म्हणतं, ती वाव नसती तर त्या लोकांचा समूळ नाशच व्हायचा होता. का? कारण त्यांनी ‘ज्यानं’ म्हटलं असतं तर खऱ्या देवाला त्यांनी पार सोडलं असं झालं असतं. ‘ज्यांनी’ म्हटल्यामुळे निदान वासराच्या जोडीला त्यांनी देवालाही धरलं होतं. दुसरे आचार्य मात्र यावर लगेच म्हणतात, की देवासोबत दुसऱ्याला जोडणं हाच मुळात मोठा अपराध. दोघांचं भांडण त्या एका काडीवरून.

शाप आणि संयम

ख्रिस्ती आचार्यांना ‘आपण करू या’ हे वचन म्हणजे खजिनाच वाटला. दुसऱ्या शतकात जस्टिन यांनी त्रिफो नावाच्या यहुद्याशी झालेल्या संवादाच्या रूपात ग्रंथ लिहिला, त्यात हे बहुवचन पुत्राकडे, म्हणजे ख्रिस्ताकडे बोट दाखवतं असा युक्तिवाद आहे. त्याच शतकातले अंत्युखियाचे थिओफिलस म्हणाले, की देव आपल्या शब्दाशी आणि आपल्या ज्ञानाशी बोलत होता. देवाच्या संदर्भात ‘त्रय’ या अर्थाचा ग्रीक शब्द सापडतो, तो पहिल्यांदा यांच्याच लिखाणात.

इसवी सन ३५१ मध्ये सिर्मियमला, म्हणजे आजच्या सर्बियात, धर्मसभा भरली. तिनं शापांची एक यादीच काढली. त्यातला एक शाप अशा माणसाला होता, जो म्हणेल की हे वचन पित्यानं पुत्राला उद्देशून म्हटलं नसून स्वतःशीच म्हटलं. व्याकरणाच्या एका अर्थावर अधिकृत शाप! पुढे हजार वर्षांहून जास्त काळानंतर हिब्रूच्या व्याकरणकारांनी नेमका तोच अर्थ पुढे केला: मनाशी विचार करताना माणूस स्वतःला बहुवचनात घेतो. आपणही एकटे असताना म्हणतोच, “चला, आता निघू या.” खोलीत दुसरं कुणी नसतं.

आणि धर्मसुधारक कॅल्व्हिन? जिनिव्हात १५५३ साली मिखाएल सेर्वेतसला त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून देव एकच हे तत्त्व, नाकारल्याबद्दल जिवंत जाळलं, तेव्हा कॅल्व्हिन यांचा त्यात मोठा हात होता. पण पुढच्याच वर्षी छापून आलेल्या उत्पत्तीवरच्या टीकेत तेच कॅल्व्हिन सांगतात, की एलोहीम या बहुवचनी रूपावरून त्रैक्य सिद्ध करायला जाऊ नका, एवढ्या मोठ्या तत्त्वाला हा आधार फार तकलादू आहे. सव्विसाव्या वचनाचा आधार त्यांना चालत होता, शब्दाच्या शेपटाचा नाही. जे मत नाकारलं म्हणून माणूस मेला, त्या मताच्या बाजूचाही कच्चा पुरावा त्यांनी पक्का म्हटला नाही. सेर्वेतसच्या मरणाचं ओझं यानं हलकं होत नाही, पण वाचनातला हा प्रामाणिकपणा नोंदवायलाच हवा.

नजरानचे साठ स्वार

कुराणात अल्लाह स्वतःबद्दल ‘मी’ही म्हणतो, ‘आम्ही’ही म्हणतो, आणि ‘तो’ही. अरबी व्याकरणात या ‘आम्ही’ला मोठेपणाचा नून म्हणतात, कारण ‘नहनू’ आणि ‘इन्ना’ या रूपांत नून हे अक्षर येतं.

या नूनवरचा वाद पैगंबरांच्या हयातीतच झाला असं इब्न इसहाक यांच्या चरित्रग्रंथात लिहिलं आहे. आजच्या सौदी अरेबियाच्या दक्षिण टोकाला नजरान आहे. तिथल्या ख्रिस्त्यांचे साठ स्वार मदिनेला आले. मशिदीतच त्यांनी पूर्वेकडे तोंड करून आपली प्रार्थना केली, आणि पैगंबरांनी ती करू दिली. मग चर्चा झाली. पाहुण्यांचा एक मुद्दा असा: देव म्हणतो आम्ही केलं, आम्ही आज्ञा दिली, आम्ही निर्माण केलं. तो एकटा असता तर ‘मी केलं’ म्हणाला नसता का?

मुस्लिम विद्वानांचं उत्तर सरळ आहे. हा राजाचा ‘आम्ही’, संख्येचा नव्हे. त्याला पुरावाही कुराणातलाच. सर्वांत छोटा अध्याय अल-कौसर, अवघ्या तीन आयतींचा. पहिल्या आयतीत दाता ‘आम्ही’ आहे. दुसऱ्या आयतीत प्रार्थना कर म्हणून सांगितलं, ती ‘तुझ्या प्रभूसाठी’, एकवचनी. देणं ‘आम्ही’चं, पूजा एकाची. सर्वनामाच्या अशा अचानक वळणाला अरबी साहित्यशास्त्रात ‘इल्तिफात’ असं देखणं नाव आहे. त्याचा मूळ अर्थ मान वळवून पाहणं.

दोन जागा जवळून पाहण्यासारख्या आहेत. माणसाच्या मानेच्या शिरेहूनही जवळ असल्याचं जिथे सांगितलं आहे, तिथे ‘आम्ही’ आहे. पण दुसऱ्या अध्यायातली १८६वी आयत बघा. माझे भक्त तुला माझ्याबद्दल विचारतील तेव्हा मी जवळच आहे, अशा आशयाची. त्या एका आयतीत ‘मी, माझा, मला’ असं एकवचन सात वेळा येतं, ‘आम्ही’ एकदाही नाही. भक्ताच्या हाकेला उत्तर द्यायचं म्हटल्यावर दरबारी बहुवचन दाराबाहेर राहिलं. मला तरी ते तसंच ऐकू येतं.

आणि उलटा प्रकार? माणूस देवाला बहुवचनात बोलतो का? कुराणात ‘हे प्रभो’ म्हणताना क्रियापद एकवचनीच असतं, आपल्या ‘विठ्ठला, तू’सारखं. पण तेविसाव्या अध्यायाच्या ९९व्या आयतीत मरणाच्या दारातला पापी माणूस गयावया करतो, की प्रभो, मला परत पाठवा. ‘प्रभो’ एकवचनी, ‘पाठवा’ बहुवचनी. कुणी टीकाकार म्हणतात, आदरानं. कुणी म्हणतात, पुन्हापुन्हा विनवलं म्हणून. कुणी म्हणतात, अर्धं बोलणं देवाशी आणि अर्धं न्यायला आलेल्या देवदूतांशी.

पाणिनींनी आधीच सोय करून ठेवली

‘मी’च्या जागी ‘आम्ही’ म्हणायची मुभा पाणिनींनी सूत्रातच देऊन ठेवली आहे. अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायातल्या दुसऱ्या पादातलं एकोणसाठावं सूत्र: बोलणारा एक असो की दोघं, ‘अस्मद्’चं बहुवचन विकल्पानं चालतं. पुढे टीकाकारांनी एक अट घातली. ‘मी’ला विशेषण किंवा नाव जोडलं की ही सवलत संपते. ‘मी देवदत्त बोलतो’ म्हणायचं असेल तर एकवचनच हवं.

ही अट वाचली आणि मी कुराणाचा विसावा अध्याय काढून बसलो. तिथे आगीजवळ मूसाला, म्हणजे मोशेला, आवाज येतो, आणि अल्लाह स्वतःचं नाव घेऊन बोलतो: ‘मी’, एकवचनी. मग तोरातल्या दहा आज्ञांची सुरुवात काढली. देव स्वतःचं नाव घेतो, तिथेही ‘मी’. नाव आलं आणि ‘आम्ही’ मागे सरला. पाणिनींच्या परंपरेचा अरबी-हिब्रूशी काही संबंध नव्हता हे उघड आहे. तरी मला त्या रात्री फार आनंद झाला.

आपल्याकडच्या एक-अनेक वादातली सर्वांत रंगतदार उलटतपासणी बृहदारण्यक उपनिषदात आहे. जनक राजाच्या दरबारात शाकल्य याज्ञवल्क्यांना विचारतो, देव किती? उत्तर येतं, ३३०६. बरं, पण खरे किती? ३३. पुन्हा विचारतो. ६. मग ३. मग २. मग दीड! आणि शेवटी १. दीड देव म्हणजे वारा, असं याज्ञवल्क्य समजावतात. आणि तो शेवटचा एक? प्राण, ज्याला ब्रह्म म्हणतात. त्याला दिलेलं नाव ‘त्यत्’, म्हणजे ‘ते’. तेहतीसशेसहांपासून निघालेली मोजणी येऊन थांबली एका सर्वनामावर.

शिखांनी वचनाचा प्रश्न अंकानं सोडवला. गुरू ग्रंथसाहिबाची सुरुवात अक्षरी ‘एक’नं होत नाही, आकडा ‘१’ लिहून होते. आकड्याला विभक्ती लागत नाही आणि त्याचं अनेकवचन होत नाही. याच ग्रंथात आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत.

राममोहन रॉय यांचा छापखाना

राजा राममोहन रॉय यांनी १८२० मध्ये येशूच्या उपदेशांचं पुस्तक काढलं. चमत्कार बाजूला ठेवून नुसता उपदेश. बंगालमधल्या श्रीरामपूरचे मिशनरी खवळले, जोशुआ मार्शमन यांनी टीका केली, रॉय यांनी एकामागून एक तीन उत्तरं लिहिली. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक धुंडाळलं. ‘आपण करू या’ हा मुद्दा निघाला तेव्हा रॉय म्हणाले, आशियाई भाषांत एकाला बहुवचन लावायची रीत जुनीच आहे, कुराण बघा. तिथे देव ‘आम्ही’ म्हणतो, पण म्हणून महंमद पैगंबरांना त्रैक्य मान्य होतं असं कुणी म्हणेल काय?

नजरानच्या स्वारांनी त्याच ‘आम्ही’वरून तीन सिद्ध करायचं म्हटलं होतं. बाराशे वर्षांनी बंगालच्या एका ब्राह्मणानं त्याच ‘आम्ही’वरून दाखवलं, की तीन सिद्ध होत नाहीत.

तिसरं उत्तर छापायला बॅप्टिस्ट मिशनच्या छापखान्यानं नकार दिला. रॉय यांनी स्वतःचाच छापखाना उभा केला आणि १८२३ मध्ये पुस्तक काढलं. या सगळ्यात एक मिशनरीच फितूर झाला, विल्यम अ‍ॅडम. तो, येट्स नावाचे मिशनरी आणि रॉय मिळून शुभवर्तमानाचं बंगाली भाषांतर करत होते. योहानाच्या शुभवर्तमानात एका छोट्या ग्रीक अव्ययावर गाडी अडली: सगळं ख्रिस्ता‘कडून’ झालं, की ख्रिस्ता‘च्या द्वारे’ झालं? ‘कडून’ म्हटलं तर तो कर्ता, ‘द्वारे’ म्हटलं तर माध्यम. वाद वाढला, येट्स उठून गेले, आणि १८२१ मध्ये अ‍ॅडम त्रैक्य सोडून एकेश्वरवादी झाला. लोकांनी त्याला नाव ठेवलं, दुसरा पतित आदाम.

झटपट तीन

गीझ ही इथिओपियाची जुनी धर्मभाषा. तिच्यात देवाला ‘अम्लाक’ म्हणतात, आणि तेही मुळात बहुवचनी रूपच. एलोहीमला सख्खा भाऊ मिळाला म्हणायचा.

फ्रेंच कॅथलिक लोक प्रभूच्या प्रार्थनेत देवाला ‘वू’, म्हणजे ‘तुम्ही’ म्हणत. १९६६ मध्ये सर्व पंथांची सामाईक प्रार्थना ठरली आणि ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं.

मॉर्मन पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ १८३६ मध्ये रीतसर हिब्रू शिकला. १६ जून १८४४ च्या प्रवचनात त्यानं सांगितलं, की एलोहीम म्हणजे खरोखरच अनेक देव, भाषांतर चुकलंय. अकराच दिवसांनी तुरुंगावर चालून आलेल्या जमावानं त्याला ठार मारलं.

मराठीची परीक्षा

आता आपल्या घरी येऊ. हिब्रूत, अरबीत, हिंदीत आणि इंग्रजीत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांना एकच शब्द आहे. मराठीत दोन. गुजरातीतही दोन, तमिळमध्येही दोन. “आम्ही सिनेमाला चाललोय” म्हटलं तर समोरचा घरी बसतो. “आपण सिनेमाला जाऊ” म्हटलं तर तो चप्पल घालतो. म्हणून जगातल्या पुष्कळ भाषांतरकारांना जो प्रश्न टाळता आला, तो मराठीत टाळता येत नाही. देवानं समोरच्याला धरलं की वगळलं?

उत्पत्तीतल्या त्या वचनाला मराठी बायबलमध्ये ‘आपण’ आहे. म्हणजे ऐकणारा कुणीतरी आहे आणि तोही कामात सामील आहे. कुराणाच्या मराठी भाषांतरांत ‘आम्ही’ येतं, म्हणजे ऐकणारा माणूस बाहेर आहे. ऐतिहासिक नाटकातले महाराज म्हणतात तो ‘आम्ही’. मूळ हिब्रू आणि अरबी शब्द या बाबतीत सारखेच मुके आहेत. बोलतं केलं ते मराठीनं. आणि आपला ‘आपण’ आणखी एक काम करतो. “आपण नाही असल्या भानगडीत पडत” असं कुणी म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ असतो निव्वळ ‘मी’. सिर्मियमच्या सभेनं ज्या अर्थाला शाप दिला, तो अर्थही आपल्या या तीन अक्षरांत सुखानं नांदतोय!

कोकणातल्या बेने इस्रायली यहुद्यांना पिढ्यान्‌पिढ्या ‘शनिवार तेली’ म्हणत, कारण शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, त्यांचा घाणा बंद असे. हिब्रू विसरले, मराठी बोलू लागले, पण ‘शेमा’ ही देव एक असल्याची घोषणा त्यांच्या ओठांवर टिकली. सहाच हिब्रू शब्दांची. त्या सहांत ‘एलोहेनू’ आहे, म्हणजे ‘आमचा देव’, तेच बहुवचनी रूप. आणि शेवटचा शब्द ‘एहाद’, एक. काही ख्रिस्ती पंडित म्हणतात, एहाद म्हणजे एकजूट, कारण नवराबायको एकदेह होतात तिथेही हाच शब्द आहे. यहुदी म्हणतात, एहाद म्हणजे बाजारात मोजतो तो एक. अलिबागच्या तेल्यानं यातलं काही ऐकलं नसेल. त्याला सहाही शब्द तोंडपाठ होते.

आणि रमाबाई. पंडिता रमाबाईंचा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झाला, पण त्रैक्याचं कोडं त्यांनी मुकाट गिळलं नाही. गुरुस्थानी असलेल्या जोगिणींशी आणि शिक्षिकांशी त्यांनी पत्रांतून सरळ वाद घातला, की मला पटेल तेच मी मानेन. पुढे त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतलं आणि केडगावला मुक्तिसदनात बसून सबंध बायबल मराठीत उतरवलं. पहिल्या पानावरच एलोहीम, आणि लगेच ‘नासे’. संस्कृत पुराणं मुखोद्गत असलेल्या या बाईंनी ती जागा ओलांडली आणि शेवटच्या पानापर्यंत गेल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचं निधन झालं, तेव्हा भाषांतर पुरं झालेलं होतं.